सहावी ‘स’ची शून्यं

२५ फेब्रुवारी १९९९, गुरुवार

काल लिहिलं ते चूक आहे. खोडत नाही, खाली दुरुस्त करते.

काल लिहिलं होतं – ‘सुनंदाबाईंना अजून समजलेलंच नाही. गैरहजर मुलाच्या नावापुढे चौकोन रिकामा सोडायचा, तर त्यांनी शून्य भरलं. म्हणून त्यांच्या वर्गाची सरासरी पडली.’ आज फ्रीगंजला आमच्या कंप्यूटर इन्स्टिट्यूटमध्ये जानेवारीच्या चाचणीची फ्लॉपी लावून बघितली. सहावी ‘स’. गैरहजर मुलांचे चौकोन रिकामे! मी शिकवलं अगदी तसेच. म्हणजे त्यांना समजलं होतं. सगळ्या शिक्षकांत आधी त्यांनाच समजलं होतं.

मग फेब्रुवारीत शून्यं का?

बाई पन्नाशीच्या आहेत, माउस दोन्ही हातांनी धरतात, म्हणून मी परस्पर ठरवून टाकलं की जमलं नसणार. लाज वाटली.

परिणाम मात्र झाला आहे. ट्रस्टच्या ऑफिसात सगळ्या वर्गांच्या सरासरीचा कागद लागला आहे, वरून खाली क्रमानं. सहावी ‘स’ सगळ्यात खाली. सेक्रेटरी भय्यासाहेबांनी लाल पेन्सिलीनं गोल केला आहे. देवास रोडवर नवीन पब्लिक स्कूल निघालं तेव्हापासून ट्रस्टला घाई सुटली आहे – जुलैपासून आपली पण शाळा इंग्लिश मीडियम, आणि त्याआधी शिक्षक कमी. सुनंदाबाई अजून दरवर्षीच्या ऑर्डरवर आहेत, कायम नाहीत. कोणाला काढायचं ते म्हणे आता कंप्यूटर सांगेल.

इन्स्टिट्यूटनं मला हा मार्कांचा प्रोग्राम शिकवायला शाळेत पाठवलं तेव्हा मी सगळ्यांसमोर उभी राहून काय म्हटलं होतं? ‘वर्ग कुठल्या प्रश्नाला अडतो ते तुम्हाला दिसेल. मग तेवढंच परत शिकवता येईल.’ हेच शब्द होते. माझा त्यावर विश्वास होता.

२६ फेब्रुवारी, शुक्रवार

कंप्यूटर रूमच्या बाहेर चपलांची रांग. धुळीनं मशीन बिघडतं, हे मीच सांगितलं होतं. आता शिक्षक आत येताना देवळात आल्यासारखे येतात आणि तसेच घाबरून बसतात.

शैलाबाईंनी दारातच धरलं. “या डॉक्टरीणबाई! आमच्या मार्कांचा एक्स-रे काढायला आल्या!” त्या सातवीला गणित शिकवतात, त्यांची सरासरी पहिली आली आहे. मी विचारलं, तुमच्या वर्गात एकही गैरहजर नव्हता का?

“होते की! मी तर बाई गैरहजर पोराला बारा देऊन टाकते. पंचवीसपैकी बारा. त्याची आई पण रडत नाही आणि माझा ग्राफ पण नाही.”

“अहो, पण तो आलाच नव्हता ना!”

“आला असता तर तेवढेच आणले असते. सहा वर्षं झाली, मी ओळखते नं त्याला!”

सगळ्या हसल्या. मी पण हसले. का हसले?

सुनंदाबाई कोपऱ्यातल्या मशीनवर एका बोटानं टाइप करत होत्या. त्यांना हळूच विचारलं, जानेवारीत रिकामे सोडले होते ना? “हो.” मग या वेळी? “या वेळी नाही सोडले.” इतकंच. मग म्हणाल्या, “ते चौथ्या प्रश्नाचं काढून दे बरं मला.”

चौथा प्रश्न अपूर्णांकांचा. जानेवारीत वर्ग त्यालाच अडला होता. स्क्रीनवर तो बुटका खांब बघून त्या म्हणाल्या होत्या, “माहीत होतं ग. पण असं उघड्यावर कधी दिसलं नव्हतं.” आणि दुसऱ्या दिवसापासून छेदबिद बाजूला ठेवून सव्वा, दीड, पावणेदोन सुरू केलं. घाटावरच्या पोरांना सव्वा जन्मापासून ठाऊक – सव्वा पाव प्रसाद, सव्वा हात कापड. या चाचणीत जे बसले होते त्यांचा चौथा प्रश्न जवळजवळ सगळ्यांचा बरोबर आहे. प्रोग्राम ज्यासाठी आहे ते साऱ्या शाळेत फक्त या बाईंनी केलं. आणि लाल गोल त्यांच्याच नावाभोवती.

घरी येऊन कॅलेंडर बघितलं. चाचणी पंधरा-सोळा फेब्रुवारीला. चौदाला महाशिवरात्र, सोळाला अमावस्या! पंड्यांची, फुलवाल्यांची, नाववाल्यांची मुलं त्या दिवसांत राम घाट सोडून शाळेत कशी येतील? आणि ही सगळी मुलं शाळेनं एकाच वर्गात घातली आहेत – ‘स’मध्ये. उज्जैनमध्ये जन्म काढून ज्यानं ही तारीख ठरवली त्यानं कॅलेंडर बघायला नको होतं का?

२७ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर लाइट नाही. काम नाही. डोकं मात्र चालू.

२ मार्च, मंगळवार

धुळवड. बाहेर गेले नाही. रंगानं दमा उठतो, अजूनही.

या दम्यामुळेच चौथीपर्यंत शाळेत गेले नाही. अण्णांनी घरीच शिकवलं. रेल्वेच्या ऑडिट ऑफिसातून आले की चहाच्या आधी माझी पाटी बघायचे. उत्तर आलं नाही तरी जागा कोरी ठेवायची नाही – ‘कोरी जागा दिसली की कोणीही येऊन काहीही लिहितं, अपूर्वा.’ येत नसेल तर ‘येत नाही’ असं लिहायचं. मी कितीदा ‘येत नाही’ लिहिलं आहे त्या पाटीवर! कधी रागावले नाहीत. कोरी जागा दिसली की मात्र रागवायचे.

आणि मोठी होऊन मी शिक्षकांना काय शिकवलं? चौकोन रिकामा सोडा. त्यांना ते किती जड गेलं ते मी बघितलं होतं. एक सर तर रिकाम्या चौकोनावर पुन्हा पुन्हा येऊन थांबायचे, हात शिवशिवायचे त्यांचे. मला तेव्हा गंमत वाटली होती.

अण्णांना आज सगळं सांगितलं. पेपरमधून डोकं काढून म्हणाले, “तू सेक्रेटरींना जाऊन सरळ सांग. शून्य म्हणजे गैरहजर. हिशेब दुरुस्त होईल.”

किती सोपं! उद्या-परवा जाते.

४ मार्च, गुरुवार

गेले. जायला नको होतं.

भय्यासाहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला. “बसा. तुमचं मशीन फार कामाचं निघालं बरं का! वीस वर्षांत जे कळलं नाही ते एका कागदावर आलं.”

मी म्हटलं, सहावी ‘स’ची सरासरी खरी नाही. त्यातली काही शून्यं शून्यं नाहीत.

“म्हणजे? पोरं बसलीच नव्हती?”

मी मान डोलावली. अजून वाटत होतं की बरोबर चाललं आहे.

“बढिया! मग मला नावं द्या. जानेवारीत गैरहजर, आता पण गैरहजर. सलग दोन चाचण्या चुकवल्या की नाव कापायचं, हा नियम आहे. फीस माफ करायची आपण आणि हे घाटावर आरत्या विकणार. पुढच्या वर्षी जागा लागणार आहेत.”

पुन्हा तपासून सांगते म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“तपासा. शनिवारी वीस तारखेला ट्रस्टची मीटिंग आहे. तोवर आणा नावं.” मग आवाज खाली आणून, “सुनंदाबाईंना आज पत्र दिलं. एप्रिलपासून त्या नाहीत. त्यांची जागा तुम्हीच का घेत नाही? बी.एस्सी. आहात, कंप्यूटर येतो. विनायकरावांची मुलगी म्हणजे घरचं माणूस. ते पण वीसपर्यंत कळवा.”

मी काय म्हणाले? ‘विचार करते’ म्हणाले. नाही म्हणाले नाही. इथे खोटं लिहायचं नाही – क्षणभर बरं वाटलं. कायमची नोकरी. एक क्षण.

५ मार्च, शुक्रवार

मधल्या सुट्टीत सुनंदाबाई नळावर डबा धुवत होत्या. पत्राबद्दल मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, “तू भय्यासाहेबांकडे गेली होतीस म्हणे. नावं दिलीस का?”

नाही म्हटलं. मग त्यांनी सांगितलं, उभ्या उभ्या, डबा पुसत.

“माझ्या वर्गात जयू होती. आई घाटावर दिवे विकते. डिसेंबरला आली नाही, जानेवारीला आली नाही. मी तुझ्या सांगण्याप्रमाणे चौकोन सोडला. तुझ्या मशीननं शेवटच्या पानावर वेगळी यादी छापली – अनुपस्थित. त्या पानावरून तिचं नाव कापलं.” रागानं नाही. बस कुठली पकडायची ते सांगावं तसं. “आधी वहीत ‘ग’ लिहायची मी. नियम होताच, पण वही कोण उघडून बघतं? आता स्वच्छ छापून टेबलावर जातं.”

ते शेवटचं पान! मी किती कौतुकानं दाखवलं होतं – ‘बघा, गैरहजर मुलं आपोआप वेगळी निघतात.’

“मग शैलाबाईंसारखे बारा द्यायचे.”

“न लिहिलेल्या पेपराला मार्क? ते मला येत नाही ग. आणि नाव पण जाऊ द्यायचं नव्हतं. मग हातात काय उरतं? शून्यच उरतं.”

“पण शून्य पण खोटंच ना!” – हे मी बोलले! त्यांना पत्र मिळून एक दिवस झाला नव्हता आणि मी हे बोलले.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “आहेच खोटं. पण त्याचा फटका मला बसतो. पोरांना नाही.” आणि जाता जाता, “तू आता सांगू नकोस हं. सांगितलंस तर मी फुकटच गेले.”

७ मार्च, रविवार

रंगपंचमी. अण्णांना कोणीतरी बाहेर गाठून नोकरीचं सांगितलं. पेढे घेऊन आले. शेजारी वाटले पण. मला तोंड उघडता आलं नाही – पेढा होता तोंडात.

९ मार्च, मंगळवार

गोपाळसरांकडे गेले. इन्स्टिट्यूट त्यांची, प्रोग्राम त्यांनीच इंदूरहून आणला. शेवटचं पान बंद करता येईल का विचारलं. “सॉफ्टवेअर बराबर चल रहा है ना? बस! स्कूलवाले उससे क्या करते हैं, वो अपना काम नहीं है.” मग हसत, “अपूर्वा, तू टेंशन बहुत लेती है. अगले महीने देवास में दो स्कूल और हैं, तैयारी रख.”

देवासला पण शेवटचं पान छापलं जाईल. मीच शिकवणार.

१० मार्च, बुधवार

रात्रभर तेच. बारा भरले – खोटं. रिकामं सोडलं – नावं जातात. शून्य राहू दिलं – सुनंदाबाई जातात आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसते. नोकरी नाकारली तर दुसरं कोणी बसेल. बाई तर जाणारच. आणि भय्यासाहेबांना एवढं कळलं आहे की त्या शून्यांत गैरहजर मुलं आहेत – ते मी सांगितलं! न विचारता! आता मी नावं दिली नाहीत तर हजेरीपट मागवतील. म्हणजे बाईंनी जे वाचवलं ते पण मी घालवलं.

अण्णांच्या पाटीवर लिहायचे तसं लिहू का? येत नाही.

११ मार्च, गुरुवार

शाळा सुटल्यावर टेम्पो पकडून राम घाटावर गेले. का ते माहीत नाही. दुपारी गर्दी नव्हती. दोन-तीन पंडे छत्र्यांखाली आडवे झालेले. पायऱ्यांवर एक मुलगी द्रोणांत वाती ठेवत बसली होती. शाळेचाच निळा स्कर्ट.

“जयू?”

“जी मैडम.” मला ओळखलं – कंप्यूटरवाली मैडम. “मेरा नाम कट गया.” जणू केस कापल्यासारखं.

मी म्हटलं, सवा और डेढ़ कितना?

तिनं वर बघितलं, मग द्रोण सरकवले. एक, एक, अर्धा... विसरली. परत मांडले. “ढाई?” मग स्वतःच, “नहीं नहीं, रुको ना मैडम! पाव रह गया.” आणि मोठ्यांदा, “पौने तीन!”

पलीकडून ओंकार नावाचा मुलगा ओरडला, “ए, सुनंदा मैडम को बोलना मैं अगली बार पक्का आऊँगा!” तो पण ‘स’मधला. त्याच्या नावापुढे शून्य आहे. त्याला माहीत पण नाही.

यांना येतं! फक्त त्या दोन दिवशी ते इथे होते.

परत येताना टेम्पोत रडू आलं. शेजारची बाई म्हणाली, किसी को विसर्जन करने आई थी क्या बेटा?

१३ मार्च, शनिवार

यादी करायला बसले होते. हो, भय्यासाहेबांसाठी. मीच दिलेली बरी, असं वाटायला लागलं होतं. हजेरीपट मागवला तर बाईंवर खोटेपणाचा ठपका येईल – निदान तो तरी नको. इतकी खाली आले होते.

कोपऱ्यातल्या मशीनची उजव्या बाणाची कळ चिकटली होती. रंगपंचमीचा गुलाल! शैलाबाई तसल्या हातांनी बसल्या असणार. कळ दाबली ती वर येईना आणि कर्सर उजवीकडे पळत सुटला. नाव, प्रश्न एक, दोन, तीन, चार, बेरीज, शेरा – आणि पुढे अजून! एवढ्याशा स्क्रीनवर तो भाग कधी दिसतच नाही. मी कधी तिथवर गेलेच नव्हते. पुस्तिकेत पण नाही.

तीन रकाने. री-टेस्ट. तारीख. परीक्षक.

फ्लॉपीची नक्कल काढली आणि नक्कलीवर करून बघितलं. पहिला चौकोन रिकामा, री-टेस्टमध्ये मार्क – मूल मुख्य यादीत राहतं. नावापुढे एक चांदणी छापली जाते, बस. शेवटच्या पानावर नाव नाही! पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मी शिक्षकांना हे पहिल्या दिवशी दाखवायला हवं होतं.

नक्कल पुसून टाकली. खोट्या मार्कांची होती.

१४ मार्च, रविवार

सुनंदाबाईंच्या घरी गेले, बेत सांगितला: शून्यं पुसून चौकोन रिकामे करायचे आणि री-टेस्टच्या रकान्यात खरे मार्क भरायचे. शाळेत री-टेस्ट मागितली तर नावं उघडी पडतील, म्हणून घाटावरच. पेपर तसाच, आकडे बदललेले; मीच काढला आहे. जी खरी तारीख तीच घालायची. परीक्षक म्हणून माझं नाव – तो चौकोन कोरा ठेवायचा नाही. भय्यासाहेबांनी चांदणी कसली विचारलं तर सगळं सांगायचं, आणि नोकरीला नाही म्हणायचं. मग गोपाळसर पण ठेवणार नाहीत. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.

बाई म्हणाल्या, “आणि खरोखरची शून्यं पडली तर?”

मग त्याच म्हणाल्या, “पडू देत. त्यांची स्वतःची असतील.” आणि उठल्या. “पेन्सिली मी आणते. ओंकारकडे कधी नसते.”

एक पेपर जास्त काढला आहे. जयूचं नाव यादीत नाही, तरी.

बुधवारी अमावस्या, गुरुवारी पाडवा – घाटावर गर्दी. म्हणून मीटिंगच्या आदल्या दिवशी, शुक्रवार, १९ मार्च.